हाताखाली माणसे तीन

दराई सफेद
शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९९६

आदरणीय हकनझर मामांना अब्रोरचा सलाम.

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी कार्यालयात बसून पुढच्या महिन्याच्या पिठाच्या यादीसाठी पट्टीने रेघा मारत होतो. सातवी रेघ अर्ध्यावर आली असताना तंदुरावरची बीबी सफरगुल अनवाणी धावत आली आणि म्हणाली की संगमहमददादाला काल संध्याकाळी पुलापलीकडच्या चौकीवर पकडले. ती रेघ वाकडी गेली. कोरे कागद बावीसच उरले आहेत, म्हणून हे पत्र त्याच कागदाच्या पाठीवर लिहीत आहे. उलटून पाहिलेत तर राग मानू नये.

झाले ते असे. दादाच्या तंदुरावरचे मीठ संपून सोळा दिवस झाले होते. मीठ सगळे तुमच्या बाजूला. आमच्या खोऱ्याच्या सरकारने न्यायालय काढले, तुरुंग काढला, कर बसवला, पण मीठ काढता येत नाही. नाक्यावरचे लढवय्ये अळणी रोटी खाऊन वैतागले आणि दादाला म्हणू लागले, "काय रे, तुझ्या रोटीपेक्षा राजधानीच्या गोळ्या चवदार." शेवटी तो स्वतःच निघाला. पूल ओलांडायचा पास मीच लिहून दिला. हा पास आमच्याकडे नसला तर गुन्हा आणि तुमच्याकडे असला तर गुन्हा. पूल ओलांडल्यावर तो फेकून दे, असे मी दोनदा सांगितले होते. बीबी सफरगुल म्हणते, त्याने फेकला नाही. भावाचे अक्षर पाण्यात कसे टाकायचे, असे म्हणाला म्हणे.

निघताना आईने त्याला रोटीचा घास तोडायला लावला. तो म्हणाला, "आई, संध्याकाळी परत येतोय, मी काय फौजेत चाललोय?" आई म्हणाली, पुलापलीकडे दुसरे सरकार आहे, म्हणजे परदेशच. त्याने हसत चावा घेतला. त्याचा पुढचा एक दात नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे चाव्याच्या मधोमध एक पट्टी तशीच राहिली आहे. उरलेली रोटी आईने खिळ्याला टांगली. तो येऊन ती संपवेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही.

मामा, तुम्ही राजधानीतल्या पिठाच्या गोदामावर आहात, अधिकाऱ्यांशी तुमची ओळख आहे. त्यांना एवढेच सांगा की तो रोट्या भाजतो. फोटोसाठी एकदा त्याच्या हातात बंदूक दिली होती, तर त्याने ती तंदुराच्या उलथन्यासारखी धरली.

पत्र ट्रकवाल्या निझोमच्या टोपीच्या अस्तरात शिवले आहे. वाचून जाळावे.

आपला भाचा,
अब्रोर

•

राजधानी
२६ ऑक्टोबर १९९६

अब्रोर भाच्या,

पत्र मिळाले. मागची वाकडी रेघही पाहिली. रेघ वाकडी गेल्याने जग बुडत नाही, पण तुझ्या सरळ रेघांनी काय करून ठेवले आहे ते आता ऐक.

संगमहमद जिवंत आहे, धडधाकट आहे. मला आधी बरे वाटले, मग घाम फुटला. त्याला वेगळी खोली दिली आहे, पलंग दिला आहे, चहात साखर घालून देतात. साध्या माणसाला तुरुंगात साखर कोण देतो? मी ओळखीच्या शिपायाला विचारले, तर तो हळूच म्हणाला, "मोठा मासा आहे. गटप्रमुख."

भाच्या, मदतीचे पीठ आमच्या गोदामातून तुमच्याकडे येते. दोन्ही सरकारे एकमेकांवर गोळ्या झाडतात, पण पोती एकाच गोदामातून जातात, आणि त्यांच्याबरोबर घरांची यादी इकडून तिकडे फिरते. एप्रिलच्या यादीत अनुक्रमांक एकोणीसवर काय आहे? "संगमहमद, गटप्रमुख. हाताखाली माणसे तीन." ते मोत्यांसारखे अक्षर कोणाचे आहे हे मी अंधारातही सांगेन. आणि त्या यादीवर शिक्का कोणाचा आहे हेही सांगतो. माझा. मी न वाचताच मारला. तुझे अक्षर पाहिले की वाचायची गरज वाटत नाही.

आता त्याची चौकशी कशी झाली ते शिपायाने सांगितले तसे लिहितो. लेफ्टनंटने विचारले, हाताखाली माणसे किती? हा म्हणाला, तीन. लेफ्टनंटने लिहिले, खरा आकडा सांगायला नकार. ती कुठे आहेत? हा म्हणाला, तंदुरावर. पूल कशासाठी ओलांडला? "मीठ संपलं होतं, साहेब." किती? "एक कण नाही. सोळा दिवस झाले." लेफ्टनंटने ताबडतोब वर कळवले की खोऱ्यातला दारूगोळा सोळा दिवसांपूर्वी संपला आहे. आता आमची फौज हल्ल्याचा विचार करते आहे, आणि कोणी मनापासून बोलले तर त्याला सांकेतिक भाषा म्हणते.

हा आपला कणीक मळणारा संगमहमद गटप्रमुख कधी झाला, एवढे मला सांग.

जाळ म्हणतोस, पण तुझे अक्षर जाळायला जीव होत नाही. पिठाच्या पिंपाखाली ठेवले आहे.

मामा

•

दराई सफेद
९ नोव्हेंबर १९९६, दुपारचे दोन चाळीस

आदरणीय मामा,

आत्ता दार लावून आणि आतून कडी घालून लिहीत आहे.

तो तक्ता जुन्या सामूहिक शेतीच्या छापील कागदावर केला होता. त्यात दोनच रकाने होते: एक लढवय्यांचा, दुसरा गटप्रमुखांचा, आणि त्याच्यापुढे हाताखालची माणसे. रोटी भाजणाऱ्याला रकाना नव्हता. रकान्याबाहेर लिहिले तर घराला पीठ नाही. मी एक तास विचार केला. दादाच्या हाताखाली बीबी सफरगुल, तिची जाऊ आणि बहिरे म्हातारे बोबोई रहमत अशी तीन माणसे खरोखरच आहेत. म्हणून मी लिहिले ते अक्षरशः खरे आहे. लढवय्याच्या घराला महिन्याला एक पोते आणि गटप्रमुखाच्या घराला दोन मिळतात. दुसरे पोते त्या तासात माझ्या मनात आलेच नव्हते असे म्हणालो, तर ते मात्र खोटे होईल.

मी कबूल करायचे ठरवले. आमचे प्रमुख कारी शमसिद्दीन पूर्वी सामूहिक शेतीवर ट्रकांच्या फेऱ्या लिहायचे. आता न्याय, कर आणि युद्ध तिन्ही पाहतात. गेल्या महिन्यात एका चांभाराने मेलेल्या बापाच्या नावावर पीठ उचलले, त्याला चायखान्याच्या अंगणात चाळीस फटके बसले. तो निकाल मीच सुवाच्य लिहिला होता, त्यामुळे मला शिक्षेचा मजकूर पाठ आहे. तरी काल सकाळी साडेनऊला आत गेलो.

मी तोंड उघडण्याआधीच कारी उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते कधी उठत नाहीत. म्हणाले, "तुझा भाऊ दगड आहे, दगड. महिना होत आला, काही बोलला नाही म्हणे." मग शेल्फाकडे पाहत त्यांनी हळूच विचारले की तो नेमका कोणत्या गटाचा प्रमुख होता. "इतके गट झालेत, आठवत नाही." मी म्हणालो, पूर्वेकडच्या. तंदूर पूर्वेलाच आहे. कारी म्हणाले, "हां हां, पूर्वेकडचा. बरोबर." आपलाच गटप्रमुख आपल्याला माहीत नाही हे त्यांना कारकुनासमोर कबूल करायचे नव्हते, आणि मला जे कबूल करायचे होते ते राहूनच गेले.

मग त्यांनी मला कैद्यांच्या अदलाबदलीचा तक्ता दाखवला. लढवय्याच्या बदली शिपाई. गटप्रमुखाच्या बदली अधिकारी. तुमच्याकडचा एक मेजर उन्हाळ्यापासून आमच्या तळघरात आहे. रोटी भाजणाऱ्याच्या बदली काय मिळते ते मी दोन्ही बाजू उलटून पाहिले. काहीच लिहिलेले नाही.

घरी येऊन आईला सांगितले. ती दूध तापवत होती. म्हणाली, "रोटीवाला म्हणून त्याला कोण सोडवणार? तिकडे पीठ आहे, तंदूर आहे. मरेपर्यंत भाजत बसेल. गटप्रमुख म्हणून येत असेल तर गटप्रमुख म्हणून येऊ दे. आल्यावर मी त्याला बघते."

मला तीन रात्री झोप नाही. कबूल केले तर मला फटके आणि दादा तिकडेच. न केले आणि त्यांनी त्याला खराच गटप्रमुख मानून गोळी घातली, तर ती माझ्या अक्षराने घातली. मामा, तुम्ही सांगाल तसे करीन.

अब्रोर

•

राजधानी
१ डिसेंबर १९९६

भाच्या,

कबूल करू नकोस. शहाणपण आठवीनंतर शिकवतात, आणि तुझी शाळा आठवीतच बंद पडली, म्हणून मी शिकवतो.

मी स्वतः लेफ्टनंटकडे गेलो होतो. आता तो कॅप्टन आहे. गटप्रमुख पकडला म्हणून बढती मिळाली, खांद्यावरचे तारे अजून चकचकतात. मी म्हणालो, साहेब, लोक म्हणतात तो साधा भटारी आहे. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. म्हणाला, "कोण लोक? आणि तुम्हाला काय माहीत?" मी म्हणालो, बाजारात ऐकलं, बाजारातले लोक मूर्ख असतात. तो म्हणाला, अगदी मूर्ख असतात. तेव्हा समजून घे: तुझ्या कारींना तो गटप्रमुख हवा आहे, आमच्या कॅप्टनला हवा आहे, त्याच्या वरच्याला हवा आहे. तो भटारी असावा असे वाटणारा जगात एकच माणूस आहे, तो स्वतः, आणि त्याला कोणी विचारत नाही.

त्याने तुरुंगातली रोटी खाल्ली आणि त्याला ती सहन झाली नाही. मला पीठ द्या, मी भाजतो, म्हणाला. दिले. आता पहारेकरी तिथून बदली मागत नाहीत. कॅप्टनने अहवालात लिहिले आहे की हा स्वतः माणसांना जेवू घालून त्यांची निष्ठा मिळवतो, फार धोकादायक आहे. परवा त्याला विचारले, आमच्या बाजूला येतोस का, कॅप्टन करतो. हा म्हणाला, आईला विचारून सांगतो.

अदलाबदल होईल. पण आमच्याकडचे तुमच्या सरकारचा लेखी दाखला मागतात की हा खरोखर गटप्रमुख आहे. तुमच्याकडे दाखले कोण लिहितो ते मला विचारायला नको.

ताईला सांग, त्याचे वजन वाढले आहे.

मामा

•

दराई सफेद
१९ डिसेंबर १९९६

आदरणीय मामा,

दाखला लिहिला. आज सकाळी आठ वाजता बसलो आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी उठलो. कार्यालयातल्या शब्दकोशाची पहिली चाळीस पाने कोणीतरी तंबाखूला वापरली आहेत, तरी उरलेल्या पानांत प्रत्येक शब्द तपासला. मजकूर असा:

"दाखला देण्यात येतो की संगमहमद हे दराई सफेद येथे पूर्वेकडील जागेवर प्रमुख म्हणून काम करतात. ते रोज सूर्य उगवण्याआधी हजर असतात. त्यांच्यामुळे आमच्या लढवय्यांना तीन वर्षे बळ मिळाले आहे. त्यांच्या हाताखाली माणसे तीन."

यातले एक अक्षर खोटे निघाले तर मी चाळीस फटके खायला तयार आहे. कारींनी दोनदा वाचले. पहिल्यांदा त्यांचे डोळे ओले झाले. दुसऱ्यांदा ते शेवटच्या ओळीवर थांबले. म्हणाले, तीन माणसांसाठी कोणी मेजर देत नाही. मला वाटले, आता कळले. पण ते म्हणाले, "आकडा खोड. आपली माणसं किती ते शत्रूला सांगायचं नसतं. एवढंही समजत नाही?" मी पूर्ण दाखला पुन्हा लिहिला. कागद अकरा उरले.

आई रोज खिळ्यावरची रोटी पुसते, वरची धूळ फुंकते. परवा तिला मुंग्या लागल्या होत्या. आईने खिळा बदलला, रोटी बदलली नाही.

अब्रोर

•

राजधानी
२० जानेवारी १९९७

भाच्या,

घाईत लिहितो. दाखला पोचला, सगळ्यांना आवडला. १२ फेब्रुवारीला, ईदनंतर, पुलावर अदलाबदल. निळ्या टोपीवाले परदेशी मध्ये उभे राहतील.

पण काल अंथरुणावर पडल्यापडल्या मला एक गोष्ट सुचली आणि मी उठून बसलो. तो मेजर उन्हाळ्यापासून तुमच्या तळघरात आहे. त्याला रोज रोटी कोण नेऊन देत होते?

मामा

•

दराई सफेद
१४ फेब्रुवारी १९९७

आदरणीय मामा,

तुमचे पत्र मला ११ तारखेला संध्याकाळी पाच वाजता मिळाले. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत मी काहीच खाल्ले नाही. ऑक्टोबरपर्यंत रोज सकाळी मेजरला रोटी दादाच देत असे. कैद्यालाही शिळी देऊ नये असे त्याचे म्हणणे होते, म्हणून गरम नेत असे. हे मला माहीत होते, पण मी कधी रकान्यात मांडले नव्हते.

आईला सांगितले नाही.

पुलावर बर्फ होते. आमच्या बाजूला कारी, वीस बंदूकवाले, मी वही घेऊन, आणि आई. पलीकडे तुमचे कॅप्टन आणि त्यांची माणसे. निळ्या टोपीवाल्याने हात वर केला आणि दोघे दोन टोकांकडून चालू लागले. मेजर आमच्याकडून तिकडे, दादा तिकडून इकडे. दादाने त्यांनी दिलेला नवा कोट घातला होता, तो दंडावर घट्ट बसत होता. मामा, त्याचे वजन खरेच वाढले आहे.

पुलाच्या मध्यावर दोघे समोरासमोर आले आणि मेजर थांबला. मी माझ्या पायाखालच्या फळ्या मोजायला लागलो. त्याने दादाचा चेहरा पाहिला, मग हात पाहिले. दादाच्या हातांवर बोटांपासून कोपरापर्यंत तंदुरात भाजल्याचे डाग आहेत, ते कुठल्या कोटात लपणार? मेजरचे तोंड उघडले. कारी माझ्या कानात म्हणाले, काय झालं, काय म्हणतोय तो? दादा बापडा हसला आणि त्याने विचारले, ते मला इथपर्यंत ऐकू आले, "बरं आहे ना? माझ्यामागे कुणी देत होतं ना रोज?"

मेजरने तोंड मिटले. मग टाचा जुळवून, ताठ उभा राहून, त्याने दादाला कडक सलाम ठोकला.

शत्रूचा मेजर आमच्या गटप्रमुखाला सलाम करतो हे कारींनी पाहिले, वीस बंदूकवाल्यांनी पाहिले, तुमच्या कॅप्टनने पाहिले. दादाला काय करावे कळेना, त्याने छातीवर हात ठेवून मान लववली. त्यावर कारी म्हणाले, "पाहिलंस? गर्व नाही. खरा सेनापती."

दादा घरी आला. आईने त्याला मिठी मारली नाही. आधी खिळ्यावरची रोटी काढायला गेली, कारण ती खाल्ल्याशिवाय माणूस घरी आला असे होत नाही. पण कारी आमच्या मागोमाग आत आले होते. त्यांनी तिचा हात धरला. म्हणाले, ही रोटी खायची नाही, ही साक्ष आहे. त्यांनी सुताराला बोलावले, काचेची पेटी करवली, आणि रोटी कार्यालयात माझ्या टेबलाच्या वर लावली. आई म्हणाली, "माझी रोटी आहे ती." कारी म्हणाले, "आई, आता ती सगळ्या खोऱ्याची आहे."

दादा गप्प उभा होता. गटप्रमुख कमी बोलतात असे लोक म्हणाले.

अब्रोर

•

राजधानी
६ एप्रिल १९९७

भाच्या,

मेजर काल गोदामात आला. सात महिन्यांचा थकलेला पगार त्याला पिठात देतात. मी माप घालता घालता विचारले की तुमच्या त्या सलामाची शहरभर चर्चा आहे. त्याने आजूबाजूला पाहिले. मी म्हणालो, मी त्याचा मामा.

तो पोत्यावर बसला. म्हणाला, "तोंडात आलं होतं माझ्या, अरे हा तर भटारी. मग वाटलं, मागे तळघर आहे आणि पुढे बायको. हा भटारी ठरला तर मी पुन्हा तळघरात. हात आपोआप वर गेला." मग पोत्याचे तोंड बांधत म्हणाला, "आणि असं बघा, सात महिन्यांत मला माणूस समजून काही दिलं असेल तर त्यानंच. सलाम अगदीच खोटा नव्हता."

मी त्याला अर्धा किलो जास्त घातले. हे वहीत मांडू नकोस.

आता सांग, संगमहमदने ती रोटी खाल्ली की नाही?

मामा

•

दराई सफेद
रविवार, १४ सप्टेंबर १९९७, सकाळचे सात वीस

आदरणीय मामा,

उत्तराला पाच महिने लागले याची क्षमा मागतो. लिहिण्यासारखे काही नव्हते, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" एवढेच होते.

तह झाल्याचे तुम्हाला आमच्याआधी कळले असेल. सरकारातल्या दर दहा जागांपैकी तीन आमच्या माणसांना द्यायच्या असे ठरले. त्या जागांसाठी गटप्रमुख हवेत, म्हणून यादी काढली. मी काढली नाही, मी फक्त लिहिली. संगमहमददादा आता पुलावरच्या एकत्रित चौकीचा उपप्रमुख आहे, म्हणजे जिथे पकडला त्याच चौकीचा. हाताखाली माणसे तीस. त्यात तुमचा कॅप्टनही आहे. तो सकाळी दादाला चहा आणून देतो आणि दादा त्याला साखर जास्त घाल म्हणतो.

दादाला तंदुरावर यायला बंदी आहे. लेखी नाही, पण उपप्रमुख कणीक मळताना दिसला तर दोन्ही बाजूंची अब्रू जाते, असे कारी म्हणाले. ते आता राजधानीत रस्ते खात्यात आहेत. दादाने तीन महिन्यांत एकच मागणी केली: चौकीवर तंदुरासाठी विटा. मागणीच्या तक्त्यात तंदुराचा रकाना नाही. मी "संरक्षक भिंत, गोल, उंची एक मीटर" असे लिहून पाठवले आहे. तुमच्या गोदामात आले तर शिक्का मारावा.

खरा त्रास आईचा होता. ती रोज जेवणाआधी प्रार्थना करते, "देवा, माझ्या संगमहमदला प्रवासातून सुखरूप घरी आण." दादा तिच्या समोर, गणवेशात, मांडी घालून बसलेला असतो. प्रार्थना संपली की तोही चेहऱ्यावरून हात फिरवून आमीन म्हणतो. फेब्रुवारीपासून रोज. मी एकदा म्हणालो, आई, हा बघ, आलाय की. ती म्हणाली, "हा कुणीतरी सरकारी माणूस आलाय. माझ्या मुलाची रोटी अजून टांगलेली आहे."

गेल्या आठवड्यात आदेश आला की खोऱ्याच्या जुन्या कार्यालयातल्या वस्तूंची यादी करून सगळे राजधानीत पाठवायचे, तिथे एकोप्याचे प्रदर्शन भरणार आहे. यादी मी केली. अनुक्रमांक एक्केचाळीस: "रोटी, एक, चावलेली, काचेच्या पेटीत." आठव्या दिवशी ट्रक येणार होता.

मी दादाला सांगितले. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "अब्रोर, मला आयुष्यात पहिल्यांदा हुकूम द्यावासा वाटतोय. तुला देऊ का?" मी म्हणालो, द्या. तो म्हणाला, "बीबी सफरगुलला सांग, नेहमीसारखंच पीठ मळ, पण शेवटच्या रोटीची कणीक माझ्यासाठी ठेव."

काल सकाळी तो गणवेश काढून तंदुरात वाकला. अकरा महिन्यांनी. बोबोई रहमत बहिरे आहेत, पण त्यांनी त्याला पाहून जोरात ओरडून विचारले, "मीठ आणलंस का?" दादाने त्यांना खिशातून पुडी काढून दाखवली. त्याने भाजलेली रोटी आकाराने, जाडीने, वरच्या ठिपक्यांनी अगदी जुनीसारखी. ती आम्ही दिवसभर छपरावर उन्हात कडक वाळवली. मग मी चावा घेतला. मला सगळे दात आहेत, म्हणून मधली पट्टी सुटू नये यासाठी दोन्ही बाजूंनी वेगवेगळे चावलो आणि कड चाकूने सारखी केली. दोनदा पट्टीने मोजले. मामा, हे माझ्या हातचे पहिले पूर्णपणे खोटे काम आहे, आणि मला घाम आला नाही.

काच काढून रोटी बदलायला चार मिनिटे लागली. यादीत एक अक्षर बदलावे लागले नाही.

जुनी रोटी अकरा महिन्यांत लाकडासारखी झाली होती. आईने दुधाचा चहा उकळला, त्यात मीठ आणि लोणी घातले, रोटी फोडून त्यात भिजवली आणि वाडगा दादासमोर ठेवला. तो खाताना ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटचा तुकडा त्याने वाडग्याच्या तळातून बोटाने काढला. आई म्हणाली, "आलास?" दादा म्हणाला, "आलो." मग तिने त्याला मिठी मारली आणि लगेच पाठीत एक धपाटा घातला, "मीठ आणायला अकरा महिने लागतात का रे?"

आज सकाळी तिची प्रार्थना बदलली. आता ती चौकीवरच्या तीस माणसांसाठी करते, त्यांना दादाच्या हातचे खायला मिळावे म्हणून.

ट्रक उद्या येईल. अनुक्रमांक एक्केचाळीस तुमच्या गोदामातून पुढे जाईल. नीट पाहून शिक्का मारावा, किंवा नेहमीसारखा न पाहता.

हिशेब जोडत आहे, तुमच्याकडेच ठेवावा.

खर्च. निझोमला पत्रे नेण्याआणण्यासाठी, नऊ वेळा, दर खेपेला चारशे: तीन हजार सहाशे रूबल. पुलावरच्या दोन्ही चौक्यांवर त्याने दिलेले, त्याच्या सांगण्यावरून: दोन हजार सातशे. पेटीची काच काढताना एक कोपरा तडकला, नवी: आठशे पन्नास. मीठ, एक पुडी: तीस. एकूण सात हजार एकशे ऐंशी.

देणे. गटप्रमुखाचे म्हणून घेतलेले जास्तीचे पीठ, एप्रिल १९९६ ते जून १९९७, पंधरा पोती. ज्या सरकारला द्यायचे ते आता नाही. नव्या सरकारकडे दोनदा गेलो, पीठ परत घेण्याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नाही. मेजरचे अर्धा किलो तुम्ही वहीत मांडू नको म्हणालात, म्हणून मांडले नाही.

रोटी, एक, चावलेली: पूर्ण खाल्ली. बाकी काही नाही.

आपला भाचा,
अब्रोर